पुंजाजींनी टाळलेला एक शब्द

पुंजाजी गेल्याचं मला वांगी घेताना कळलं. उमरावतीच्या बाजारात पेढी नदीकाठचा एक माळी ठरलेल्या जागी भाजी घेऊन बसतो. पुंजाजींच्याच गावचा. वांगी माझ्या फडक्यात ओतता ओतता तो म्हणाला, "तुमचे पुंजाजी गेले ना, पंत. पाच रोज झाले. तुमाले मालूम नाई?" मला मालूम नव्हतं. मी चार पावलं पुढं गेलो आणि परत येऊन त्याच्याकडेच पुन्हा वांगी मागितली. त्यानं माझ्या हातातल्या फडक्याकडे बोट दाखवलं, आणि मग मी तिथेच त्याच्या टोपल्यांशेजारी बसून राहिलो. पाच दिवस झाले आणि त्या घरून मला निरोप नाही... कशाला येईल, असंही वाटलं. त्या घराला मला मरण-धरण कळवायचं कारणच काय होतं?

या वर्तमानपत्राचे वाचक म्हणतील, एका गाडीवानावर एवढं लिहिण्यासारखं काय आहे? मोठ्या माणसांवर लिहायला पुष्कळ लोक आहेत, त्यांच्यावर ते लिहितीलच. माझ्यापुरतं सांगायचं तर वऱ्हाडात येऊन मी जी दोन-चार माणसं जोडली त्यांत पुंजाजी पहिले, आणि गेली सात वर्षं त्यांनी माझ्यासमोर एक साधा शब्द एकदाही उच्चारला नव्हता. तो शब्द म्हणजे 'खाली'. मी एकदा तो ओरडलो आणि त्या शब्दानं त्यांचा कुत्रा मेला. त्यांनी मला क्षमा केली की नाही, हे सात वर्षं मी त्यांच्या तोंडाकडे पाहून शोधत होतो. विचारायचं धैर्य झालं नाही, आणि आता विचारायला माणूस उरला नाही.

मी देशावरचा. अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला, आणि वऱ्हाडच्या कापसाला असं काही मोल आलं की आमच्या गावात शेंडीला गाठ मारून बसलेली पोरंसुद्धा पोटामागं उमरावतीला धावली. त्यांतलाच मी एक. एका व्यापाऱ्याकडे कापसाच्या गाड्यांवर देखरेख करायची कारकुनी मिळाली. पहिल्याच दिवशी अडत्याच्या आवारात उभा होतो. हमालांनी एका गाडीवरून शेवटची गाठ उतरवली आणि कोणीतरी ओरडलं, "खाली!" मी चटकन वाकून गाडीच्या खाली पाहिलं. काही पडलं असावं, साप-विंचू निघाला असावा, असं मला वाटलं. खाली एक पांढरा कुत्रा बसला होता आणि तो माझ्याकडे, मी त्याच्याकडे पाहत होतो. सगळं आवार हसायला लागलं. गाडीचा मालक जुवाजवळ उभा होता. उंच, वाळकुडा, चाळिशीचा माणूस. तो मात्र हसला नाही. म्हणाला, "कापूस तं वर व्हता, पंत. तुमी बुडाशी काय शोधून रायले?" मग त्यानं मला समजावलं, की इकडे गाडी रिकामी झाली की 'खाली' म्हणतात, मुसलमान लोक बोलतात, आम्हीही बोलतो. "म्हना एक डाव," असं म्हणून त्यानं माझ्याकडून तो शब्द आवारभर ऐकू जाईल असा ओरडून घेतला. हेच पुंजाजी. वऱ्हाडीतला मला आलेला पहिला शब्द त्यांनी शिकवला, आणि मला त्याचं इतकं कौतुक वाटलं की गाडी कोणाचीही असो, रिकामी झाल्याची आरोळी मीच ठोकू लागलो. हमाल मला मागून 'खालीपंत' म्हणत. मी ऐकून न ऐकल्यासारखं करी. मनातून मला ते आवडतही होतं.

कुत्र्याचं नाव बोंड्या. पुंजाजींच्या घरी कापसाच्या ढिगात एका कुत्रीनं पिल्लं घातली होती, त्यांतलं हे एकच जगलं. सगळा पांढरा, फक्त डाव्या कानाच्या टोकाला काळा ठिपका. सरकी काढताना एक राहून गेली, असं वहिनी म्हणत. वहिनी म्हणजे पुंजाजींची बायको, भागीरथीबाई. बोंड्या गाडीवर कधी बसला नाही. पुंजाजी बैल जुंपून "खाली" म्हणाले की तो दोन चाकांच्या मधे, आसाखालच्या सावलीत जाऊन उभा राही आणि गाडी चालेल तसा चाले. उमरावतीहून निघून मुंबईच्या वाटेवर घाट लागेपर्यंत तो असा गेलेला होता. नदीत पाणी असलं तर गाडीखालीच पोहत जाई. एकदा मी थट्टेनं म्हणालो, "पुंजाजी, गाडीखालच्या कुत्र्याला वाटतं, गाडी आपणच ओढतो." त्यांनी बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "वाटू द्या ना. बैलाइले तरी कुठं मालूम हाय, कापूस कोनाचा हाय थे." पोळ्याला बैलांच्या तोंडात पुरणपोळी घातली की तिसरी पोळी बोंड्याची असे, माणसांची पंगत त्यानंतर. त्यावरून गावात त्यांना नावं ठेवत. ते म्हणत, "चालते तं थो बी. मंग?"

आता गंमत अशी, की आवारातली रिकाम्या गाडीची 'खाली' आणि पुंजाजींची बोंड्याला सांगायची 'खाली' यांत कुत्र्याच्या दृष्टीनं काहीच फरक नव्हता. गाठी उतरल्या, आरोळी झाली, की तो उठून गाडीखाली जायचा. गाडी वळायची आणि घराकडे निघायची. पण आरोळी पुंजाजींची असली पाहिजे. दुसऱ्या कोणी कितीही घसा फोडला तरी तो ढुंकून पाहत नसे. पुढं त्यात माझ्या आवाजाची भर पडली, आणि तीही पुंजाजींमुळेच.

मूर्तिजापूरच्या मुक्कामावर मला एकदा सडकून ताप आला. गाड्या सोडलेल्या होत्या, पुंजाजी औषध पाहायला गावात गेले होते आणि मी गाडीच्या फळ्यांवर पासोडीत गुंडाळून पडलो होतो. भर दुपार. बाकीचे गाडीवान आपापल्या चुलींपाशी. परक्या मुलखात, आपली भाषा कोणाला नीट कळत नाही अशा जागी माणसाला ताप आला म्हणजे काय होतं ते ज्याचं त्याला ठाऊक. मला आई आठवत होती आणि रडू येत होतं. दोन फळ्यांमधल्या फटीतून मी बोटं सोडली, तर त्यांना काहीतरी ओलं, थंडगार लागलं. बोंड्याचं नाक होतं ते. पुंजाजी त्याला बरोबर चल म्हणाले होते, पण तो गेला नव्हता. मी बोटं तशीच ठेवली, आणि तोही हलला नाही. पुंजाजी परत आले तेव्हा मी झोपलो होतो आणि माझी बोटं अजून फटीतच होती, असं त्यांनी मला मागाहून सांगितलं. त्या दिवसानंतर ते मला म्हणाले, "आता तुमी बी त्याले सांगत जा, पंत. तुमचं आयकीन थो." मी म्हणालो, "खाली." बोंड्यानं एकदा मालकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि गाडीखाली जाऊन उभा राहिला. लहान मुलानं पहिल्यांदा नावानं हाक मारावी तसं मला झालं. त्यानंतर तो जगात दोनच माणसांच्या आवाजावर गाडीखाली जाई, आणि त्यांतला एक मी होतो.

आगगाडी आली ती आधी अकोल्यापर्यंत. उमरावतीचा कापूस मग मुंबईच्या लांब वाटेऐवजी चार दिवसांत अकोल्याला पोचू लागला आणि तिथे रुळावर चढू लागला. त्या हंगामातली आमची पहिली खेप. पुंजाजींच्या गाडीसह वीस-पंचवीस गाड्या स्टेशनात ओळीनं लागलेल्या. मालाचे डबे रुळांवर उभे. गाडी डब्याला खेटून लावायची, फळी टाकायची, हमालांनी गाठी आत ढकलायच्या, गाडी पुढं काढायची, मागची घ्यायची. मी डब्याच्या दारात उभा. कापसाचे पुंजके सगळीकडे उडत होते. नाकात, पागोट्यावर, रुळांवर. पुंजाजींच्या गाडीवरची शेवटची गाठ आत गेली. मागचा गाडीवान घाई करत होता, म्हणून त्यांनी लगेच बैल हाकले. गाडी दोन गाड्यांइतकी पुढं गेलीसुद्धा. माझ्या ओरडण्याची काहीएक गरज उरली नव्हती. पण मला ओरडायला आवडायचं... मी दारातून वाकून, सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडलो, "पुंजाजी, खाली!"

बोंड्या डब्याशेजारी उभा होता. चार दिवस ज्या गाठींखालून तो चालत आला होता त्या आता त्या डब्यात होत्या. त्याच्यासमोर चाकं होती, चाकांवर त्याचा कापूस होता, आणि ओळखीचा आवाज म्हणत होता, खाली. त्यानं सांगितलेलं ऐकलं. माझ्या डोळ्यांच्या कडेनं काहीतरी पांढरं रुळांवर सरकलेलं मी पाहिलं. कापसाचा पुंजका असेल असं मला वाटलं आणि मी पुढच्या गाडीकडे वळलो. तिकडे पुंजाजींनी गाडी स्टेशनाबाहेर विहिरीपर्यंत नेली. कुत्रा आसाखाली आहे की नाही हे वाकून पाहायची त्यांना आजवर कधी वेळच आली नव्हती. बैल सोडून त्यांनी त्याला पाणी ठेवलं, तेव्हा पाणी प्यायला कोणी आलं नाही. ते धावत परत आले तोवर इंजिन लागून डबे हलले होते.

त्यापुढचं मी लिहिणार नाही. पुंजाजींनी आपली पासोडी काढली, त्यात त्याला घेतलं आणि हातांवर धरून विहिरीपर्यंत नेलं. मी मागून चाललो होतो. त्यांनी त्याला गाडीच्या फळ्यांवर ठेवलं. जन्मात पहिल्यांदा बोंड्या गाडीवर होता. कोणी हमाल म्हणाला, "थो तिकडे गेलाच कसा?" पुंजाजी म्हणाले, "म्या वाकून पायलं नाई." एवढंच म्हणाले. आरोळी कोणी दिली हे तिथे सगळ्यांनी ऐकलं होतं. त्यांचा आवाज नव्हता, तर तो कोणाचा होता हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? मी तोंड उघडलं नाही. बोरगावच्या अलीकडे, काटेपूर्णेच्या काठी एका निंबाखाली त्यांनी खड्डा खणला. माती लोटताना मी हात लावला, तो त्यांनी लावू दिला. मात्र तिथून निघताना बैल जुंपून ते जरा वेळ थांबले. ओठ हलले त्यांचे. सवयीचा शब्द तोंडापर्यंत आला असावा. तो गिळून त्यांनी नुसती बैलांच्या शेपट्यांना बोटं लावली आणि गाडी चालली.

पुढच्या खेपेला आवारात त्यांची गाडी रिकामी झाली तेव्हा त्यांनीच हात वर करून सांगितलं, "रिती झाली." मी चमकलो. मग माझ्या लक्षात येत गेलं. मला ते "भुईवर बसा" म्हणत. विहिरीत दोर "आत" सोडत. झाडावरून पोर "उतरे", पण "खाली" उतरत नसे. घरातली सगळी माणसं तशीच. दुसऱ्या वर्षी आगगाडी बडनेऱ्याला आली, लांबच्या गाड्यांचं काम सरलं आणि पुंजाजी आपल्या शेताकडे वळले. मी दर पोळ्याला त्यांच्याकडे जात राहिलो. ते मला पाटावर बसवत, वहिनी ताटात चार पोळ्या वाढत. गोठ्यात बैल होते, अंगणात ती जुनी गाडी होती, पण दुसरा कुत्रा त्यांनी आणला नाही. बोलण्यात सगळं असे, हसणंही असे, आणि मधेच कुठेतरी तो एक शब्द यायच्या जागी ते पाय अडखळल्यासारखे थबकत आणि वळसा घेऊन पुढं जात. प्रत्येक वळसा मला लागे. वाटे, यांनी मला शिवी दिली असती, दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हे घर मला जेवू घालतं आणि दर वेळी न बोलता आठवण करून देतं.

एका पोळ्याला मी मनाचा हिय्या केला. अंगणात दोघेच होतो. म्हणालो, "पुंजाजी, त्या दिवशी अकोल्याला मी..." ते उठलेच. "बैल पानी पेले का पाहून येतो," म्हणाले आणि गोठ्याकडे गेले. परत आले ते कपाशीवरच्या किडीबद्दल बोलत. मी समजलो, हा दरवाजा बंद आहे. त्यानंतर मी तो ठोठावला नाही.

तर बाजारातून येऊन मी वांगी घरात टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या गावी गेलो. वहिनी ओसरीवर बसल्या होत्या. मला पाहून रडल्या, मीही रडलो. मग त्यांनी डोळे पुसले आणि पहिलीच गोष्ट विचारली, "निरोप घेऊन आमचा गडी आला व्हता तुमाकडे, पंत. तुमी बडनेऱ्याले गेलते म्हने." खरंच, मी दोन दिवस बडनेऱ्याला होतो. शेजाऱ्यानं निरोप घेतला नव्हता किंवा घेऊन विसरला होता. म्हणजे निरोप आला होता. पुंजाजी तीन दिवस तापानं पडले होते, शेवटी फारसं बोलले नाहीत, असं वहिनी सांगत होत्या. त्यांची नात, चारेक वर्षांची, अंगणातल्या गाडीच्या जुवावर चढून लोंबकळत होती. बोलता बोलता वहिनींनी वळून तिला दटावलं, "पडशीन वं पोट्टे, खाली उतर!"

आत सून भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. वहिनींनी पदर तोंडाशी धरला. पोरीनं मात्र जुवावरून उडी टाकली आणि म्हणाली, "आजी, तूच बोलली. पंत हाय ना."

मी विचारलं, "वहिनी, या घरात हा शब्द बोलतात?"

"आता लपवून काय करू," त्या म्हणाल्या. "रोजच बोलतो, पंत. घरात खाली बसल्या-उठल्याबिगर जमते का कोनाचं? पन तुमी आले का नाई बोलत. यांची ताकीद व्हती तशी. पोळा आला का लेकराइले सकाळपासून सांगून ठेवत, पंत येनार हायेत, थो शब्द काढू नोका."

"काहून?" मी म्हणालो. वऱ्हाडात इतकी वर्षं काढून माझ्याही तोंडून 'का' ऐवजी इकडचाच शब्द निघाला.

"अकोल्याहून आले ना तवा, दोन दिवस जेवले नाई. मंग मले म्हने, आवाज पंताचा व्हता. मी म्हनलं, मंग त्याले घरात कायले घेता? तं म्हने, त्याच्या मुलखात थ्या शब्दाचा एकच अर्थ हाय. दुसरा म्या शिकवला त्याले. बोंड्याले त्याचा आवाज बी म्याच शिकवला. त्याच्या समोर थो शब्द काढू नोको, त्याले लागते." वहिनी थांबल्या. "तुमी एक डाव बोलाले गेलते म्हने अंगनात. हे उठून गोठ्यात आले अन् बैलाच्या आड उभे राह्यले. मले म्हने, त्यानं माफी मागतली तं मी काय बोलू? माफी तं म्या मागाची हाय."

सात वर्षं मी त्या माणसाच्या प्रत्येक वळशाला माझ्यावरचा राग समजलो होतो. आणि तो आपल्या घरातली लहान-मोठी माणसं, लेकरंसुद्धा, मला एक शब्द लागू नये म्हणून वर्षातून एक दिवस जपून बोलायला लावत होता. दोघंही एकमेकांची माफी मागायला टपलेले, आणि दोघांच्या मधे बैल...

निघताना मी अंगणात गाडीपाशी थांबलो. चाकांच्या धावा गंजल्या होत्या, एक आरा निखळला होता. पहिल्या दिवशी तो शब्द ऐकून मी वाकून पाहिलं होतं आणि आवार हसलं होतं. त्यानंतर शहाणा झालो आणि पुन्हा कधी वाकून पाहिलं नाही. अकोल्यालाही पाहिलं नाही. मी पागोटं काढून हातात घेतलं आणि गुडघे टेकून गाडीच्या खाली पाहिलं. आसाला एक मातीची परळ सुतळीनं बांधलेली होती, बोंड्याला पाणी ठेवायची. ती कोरडी नव्हती. पुंजाजी गेल्याला पाच-सहा दिवस झाले होते, तरी तिच्यात पाणी होतं आणि तिच्या काठावर एक चिमणी बसली होती. मी मान वळवून वहिनींकडे पाहिलं. त्या ओसरीवरून म्हणाल्या, "यांची रोजची सवय व्हती. आता मी भरून रायली."

मी तसाच वाकून बराच वेळ पाहत होतो. या वेळी कोणी हसलं नाही.